आधीं वजन, मग ओळख?

‘आधीं वजन भरूं द्या, ओळखपाळख काय, ती पुढें आयुष्यभर व्हायचीच आहे.’ अपुऱ्या दिवसांचें मूल ज्या घरांत जन्मास आलें आहे, त्या घरांतील मंडळींनीं हें वाक्य एकदां तरी ऐकलें असेलच. कधीं तें अतिदक्षता विभागाच्या दाराशीं उभ्या असलेल्या परिचारिकेच्या तोंडून येतें, कधीं डॉक्टरांच्या, आणि पुष्कळदां घरांतल्याच एकाद्या अनुभवी आत्याबाईंच्या. वाक्य समजूतदारपणाचें दिसतें. त्यांत दुष्टावा नाहीं. उलट धीर देण्याचाच हेतु आहे. तरीहि तें चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्याला बोलतां येत नाहीं त्याला मोजावी लागते, असें मला या लेखांत म्हणावयाचें आहे. मूल हें प्रथम केवळ एक शरीर असतें, आणि तें पुरेसें भरल्यावर मग त्यांत माणूस राहावयास येतो, अशी एक न बोललेली कल्पना या वाक्याच्या बुडाशीं आहे. आपल्या रुग्णालयांचे नियम, आपल्या कचेऱ्यांच्या रजा आणि आपल्या घरांतलें बोलणें या तिन्हींवर आज त्याच कल्पनेचा अंमल चालू आहे.

हा प्रश्न दोनचार दुर्दैवी कुटुंबांचा नव्हे. गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलास वैद्यकांत अपुऱ्या दिवसांचें मूल म्हणतात. २०२० सालीं जगांत अशीं सुमारें १ कोटी ३४ लक्ष मुलें जन्मलीं, म्हणजे दर दहा जन्मांमागें साधारण एक. आणि त्यांपैकीं तीस लक्षांच्या आसपास एकट्या भारतांत. बहुतेकांचा जन्म ३२ व्या आठवड्यानंतरचा असतो. थोड्यांचा २८ व्याच्याहि आधींचा. पन्नास वर्षांपूर्वीं यांतलीं जीं मुलें हातीं लागत नसत, त्यांतलीं पुष्कळ आज वांचतात. ज्या विद्येनें तीं वांचतात तिच्याविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. परंतु मूल वांचविणें आणि मूल वाढविणें हीं दोन कामें आहेत, व पहिलें संपल्याखेरीज दुसऱ्यास हात घालावयाचा नाहीं, ही जी वांटणी आपण करून टाकली आहे, तिला मुलाच्या प्रकृतींत कांहींएक आधार नाहीं.

मी वैद्य नाहीं. या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला माझ्या एका चुकीनें दिला, तेव्हां ती आधीं सांगून टाकतों. माझ्या भाचीस तिसाव्या आठवड्यांत मुलगा झाला. वजन बाराशें ग्रॅम. शहरांतल्या एका नांवाजलेल्या रुग्णालयांत तो सात आठवडे पेटींत होता. त्या अवधींत त्याची आई त्याला दिवसांतून दोनदां, दहा दहा मिनिटें, काचेपलीकडून पाही. बापास एकदांच परवानगी असे. तिचें दूध काढून आंत पाठविलें जाई, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून राही. मूल सुखरूप घरीं आलें. त्यास चार महिने झाले तेव्हां मी भेटावयास गेलों. त्यानें माझ्याकडे पाहिलें, आणि क्षणांत नजर काढून घेतली. मीं चुटक्या वाजविल्या, खुळखुळा हालविला, तोंड अगदीं जवळ नेऊन बोबडें बोललों. त्यानें जांभई दिली, त्याला उचकी लागली व त्यानें मान फिरविली. ‘चार महिने झाले, अजून हा ओळख कशी दाखवीत नाहीं?’ असें, तीस वर्षें वर्गांत प्रश्न विचारण्याची संवय झालेल्या माणसाच्या थाटांत, मीं विचारलें. भाची शांतपणें म्हणाली, ‘मामा, तो अजून दोन महिन्यांचाहि नाहीं.’

मीं मनांत हिशेब केला. चार महिन्यांचे आठवडे सतरा. दहा आठवडे तो आधीं आलेला. ते वजा जातां उरले सात. तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आणि ज्या थकलेल्या सौम्यपणानें तिनें तें सांगितलें, त्यावरून माझ्या ध्यानांत आलें कीं हा हिशेब तिला माझ्यापूर्वीं पुष्कळांना समजावून द्यावा लागला असला पाहिजे.

या हिशेबास वैद्यकांत दुरुस्त वय म्हणतात. मूल जन्मलें तो दिवस न धरतां, तें जन्मावयाचें होतें तो दिवस धरून वय मोजावयाचें, आणि पहिलीं दोन वर्षें तरी मुलाची प्रगति याच मापानें पाहावयाची, असा बालवैद्यांचा सामान्य संकेत आहे. मनुष्याच्या तोंडाकडे पाहून मूल जें पहिलें हंसूं हंसतें, तें पूर्ण दिवसांच्या मुलांत साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यांत दिसूं लागतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तें जन्मदिवसापासून मोजल्यास उशीरा येतें, पण ठरलेल्या दिवसापासून मोजल्यास जवळजवळ वेळेवर येतें. म्हणजे मूल मागें पडलेलें नसतें, आपलें घड्याळ पुढें गेलेलें असतें. आणि आपल्या मध्यम वर्गांत तर हें घड्याळ फारच मोठ्यानें टिकटिकतें. शेजारचा अमुक तिसऱ्या महिन्यांत पालथा पडला, नणंदेची तमुक नवव्यांत उभी राहिली, आणि ‘आमच्या वेळीं तर’ हा घरोघरचा पुराणग्रंथ आहेच. वाढदिवस खुशाल जन्मतिथीस करावा, पेढे वांटावे. पण मोजपट्टी धरावयाची तर ती दुसऱ्या तारखेपासून धरावी, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या घरांतहि ठाऊक नसते. उलटपक्षीं, दुरुस्त वयानेंहि जें मूल स्पष्टपणें मागें आहे, त्याच्या आईला ‘होईल हळूहळू’ म्हणून गप्प बसविणें हीहि तितकीच मोठी चूक आहे. हिशेब घाबरण्यासाठीं नाहीं, तसाच झोंपण्यासाठींहि नाहीं.

अशा मुलांविषयीं भविष्य सांगण्याची आपली हौस जुनी आहे. सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, ही समजूत अजून चांगल्या घरांत ऐकूं येते. ती एकट्या आपल्याच अडाणीपणाची खूण आहे असें मात्र नव्हे. हिपॉक्रेटीसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलावर एक स्वतंत्र प्रबंध आहे. आणि आपल्या सुश्रुतसंहितेंतहि आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, त्या वेळीं जन्मलेलें मूल वांचत नाहीं, असें सांगितलें आहे. दोन थोर प्राचीन विद्यांनीं एकमुखानें सांगितलेली ही गोष्ट अनुभवाच्या कसोटीवर खोटी ठरली: पोटांतला प्रत्येक अधिक आठवडा मुलाची जगण्याची शक्यता वाढवितो, आठव्या महिन्याला त्यांत कांहीं अपवाद नाहीं. सहाव्या रात्रीं सटवी येऊन कपाळावर लिहून जाते, यावर आतां आपला विश्वास उरलेला नाहीं असें आपण म्हणतों. मग पेटीवर टांगलेल्या कागदावरचें वजन वाचून ‘हा पुढें असाच अशक्त, भित्रा, मागें मागें राहणारा होणार’ असें जें आपण ठरवून टाकतों, तें सटवीच्या लिहिण्याहून निराळें कसें? लेखणी बदलली आहे, एवढेंच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. पेटींतल्या मुलाला ओळखपाळख नसते, तें नुसतें झोंपतें, पितें आणि वाढतें, हें खरें आहे काय? १९८० सालीं डीकॅस्पर व फायफर या दोघां संशोधकांनीं असें दाखविलें कीं, नुकतेंच जन्मलेलें मूल आपल्या चोखण्याची गति बदलून आईचा आवाज मागून घेतें. परक्या बाईच्या आवाजापेक्षां तें आईचा आवाज पसंत करतें. ही ओळख अर्थातच जन्मापूर्वींची आहे. गर्भाच्या शेवटच्या तिमाहींत कान काम करूं लागलेले असतात. तिसाव्या आठवड्यांत बाहेर आलेल्या मुलानें मग कोणाचा आवाज ऐकावा? पोटांत असतें तर त्यानें आणखी दहा आठवडे आईचें बोलणें, तिचें हंसणें, तिच्या हृदयाचा ठोका ऐकला असता. पेटींत त्याच्या वांट्यास यंत्रांचे इशारे, झाकणांची उघडझांप आणि पाळी बदलतांनाची गडबड येते. अमेरिकेंत २०११ व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारासच अशीं मुलें आवाज काढूं लागतात, आईबाप जवळ असतील तेव्हां अधिक काढतात, आणि ज्यांच्या कानांवर त्या दिवसांत माणसांचे शब्द अधिक पडले, त्यांची पुढील दीड वर्षांतली समज व भाषा सरासरीनें अधिक चांगली होती. एवढ्यावरून शब्द हेंच एकमेव कारण, असें मी म्हणणार नाहीं. पण जें मूल कोणी बोललें असतां उत्तर देतें, त्याला ओळख नसते असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

उत्तर तें देतें, पण त्याची भाषा निराळी असते, आणि येथेंच सारा घोटाळा आहे. हायडेलिझे आल्स या विदुषीनें बोस्टन येथें १९८० नंतरच्या काळांत अशा मुलांचें बारकाईनें निरीक्षण केलें. पूर्ण दिवसांचें मूल नको असलेली गोष्ट रडून सांगतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाजवळ रडण्याइतकें बळ पुष्कळदां नसतें. तें बोटें फांकतें, पाठ ताठ करतें, त्याचा रंग बदलतो, त्याला उचकी किंवा शिंक येते, तें जांभई देतें, नजर दूर नेतें. हें सर्व ‘पुरें झालें’ असें सांगण्याचे प्रकार आहेत. उलट हात तोंडाशीं नेणें, कांहीं तरी घट्ट धरणें, पाय जवळ घेणें हे स्वतःला सांवरण्याचे प्रयत्न आहेत. त्याला आवाज, स्पर्श आणि चेहरा या तिन्ही गोष्टी एकदम झेपत नाहींत. एका वेळीं एकच, आणि तीहि हलक्या हातानें, द्यावी लागते. माझ्या भाचीच्या मुलानें मला जांभई दिली, उचकी दिली व मान फिरविली, ती त्याची मंदबुद्धि नव्हती. तें मला दिलेलें तीनपदरी उत्तर होतें, आणि अडाणी मी होतों. मीं उत्तर न समजून खुळखुळा आणखी जोरानें हालविला.

हा अडाणीपणा माझ्यासारख्या पाहुण्याचा असला तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. पाहुणा चहा घेऊन उठून जातो. पण आईचाहि तोच समज झाला म्हणजे? सात आठवडे जिला मुलाला हात लावूं दिला नाहीं, तिला त्याची बोली कोठून यावी? ती हौसेनें पुढें होते, मूल नजर वळवितें. तिला वाटतें, याला मी आवडत नाहीं. मग एक तर ती आणखी खटपट करते, व मूल आणखी मिटून घेतें. नाहीं तर ती मनांतून मागें सरते, व मूल एकटें पडतें. दोघांचाहि दोष नसतां दोघांत एक अबोला उभा राहतो. पुढें पांचव्या वर्षीं शाळेंत ‘मिसळत नाहीं’ म्हणून जी तक्रार येते, तिचें मूळ पुष्कळदां अपुऱ्या दिवसांनीं कोंवळ्या मेंदूवर केलेल्या परिणामांत असतें, हें मी नाकारीत नाहीं. पण त्या मुळाला आपण आपल्या हातानें किती पाणी घातलें, हें विचारण्याची आपली तयारी पाहिजे.

आई आणि मूल यांना असें तोडण्याचे परिणाम कालपरवां कळले असेंहि नाहीं. पॅरिसमधील प्येर बुदँ या वैद्यानें १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें होतें कीं, ज्या आयांना मुलाचें कांहींच करावें लागत नाहीं, त्यांतल्या कांहींचें मुलावरचें लक्ष उडतें व त्या मुलास सोडूनहि जातात. म्हणून आईला जवळ ठेवा, तिला पाजूं द्या. पेटीचा पुरस्कार करणाऱ्यांतलाच हा एक अग्रणी. पण त्याचें अर्धेंच बोलणें जगानें उचललें. पेटी घेतली, आई बाहेर ठेवली.

आईला पुन्हां आंत घेण्याची बुद्धि श्रीमंत देशांना आधीं सुचली नाहीं. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा शहरीं एका गरिबांच्या प्रसूतिगृहांत पेट्या कमी पडूं लागल्या. एकेका पेटींत दोन दोन, तीन तीन मुलें ठेवावीं लागत, संसर्गानें तीं दगावत, आणि टाकून दिलेल्या मुलांची संख्याहि मोठी होती. तेथील डॉक्टर एद्गार रेय सानाब्रिया यांनीं मूल उघड्या अंगानें आईच्या छातीशीं उभें बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारूच्या पिशवीवरून या रीतीस नांव पडलें. पुढल्याच वर्षीं एस्तोनियांतील टॅलिन येथें आदिक लेविन यांनीं परिचारिका पुरत नाहींत म्हणून आयांनाच रात्रंदिवस वॉर्डांत ठेवलें, आणि मुलांची बहुतेक सेवा त्यांच्या हातीं दिली. एकीकडे पेट्यांचा तुटवडा, दुसरीकडे माणसांचा. दोन्ही ठिकाणीं अडचणीनें जें दाखविलें तें समृद्धीला दिसलें नव्हतें. बोगोटा येथें १९९३ पासूनच्या प्रयोगांत ज्या मुलांना असें वाढविलें होतें, त्यांची वीस वर्षांनंतर पाहणी करून २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमींच्या रीतीनें वाढलेल्यांच्या मानानें त्यांची शाळेंतील गैरहजेरी कमी होती, अतिचंचलपणा व आक्रमक वागणें कमी होतें, आणि त्यांचीं घरें मुलांना अधिक जपणारीं होतीं. काही आठवड्यांचा स्पर्श विसाव्या वर्षापर्यंत पोंचतो, हें ऐकतांना अद्भुत वाटतें. पण त्यांत अद्भुत कांहीं नाहीं. आईच्या छातीशीं मुलाला नुसती ऊब मिळत नाहीं. आईलाहि मूल मिळतें. त्याच्या श्वासाचा, चुळबुळीचा, ‘पुरें’ म्हणण्याचा तिला अभ्यास होतो, आणि ती विद्या ती घरीं घेऊन जाते.

येथें वैद्यकवर्ग एक आक्षेप घेईल, व तो हलका नाहीं. आया आंत आल्या म्हणजे जंतू आंत येतात, आमचीं मुलें संसर्गानें मरतात; तुमचें मानसशास्त्र आम्हांस परवडत नाहीं. या आक्षेपाची परीक्षा झाली आहे. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया व भारत या पांच देशांतील रुग्णालयांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयांत, १ किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या ३२११ मुलांवर हा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें झाला, व २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटांतील मुलें जन्मतांच आईच्या किंवा तिच्या जागीं दुसऱ्या जवळच्या माणसाच्या छातीशीं ठेविलीं, दिवसांतून सरासरी सतरा तासांच्या आसपास. दुसऱ्या गटांतील मुलें प्रकृति स्थिर होईपर्यंत रिवाजाप्रमाणें वेगळीं ठेविलीं. अठ्ठावीस दिवसांच्या आंत दुसऱ्या गटांत शेंकडा १५.७ मुलें दगावलीं, पहिल्यांत शेंकडा १२. आणि ज्या संसर्गाच्या भयानें आईला दाराबाहेर ठेवावयाचें, त्याचा संशयहि पहिल्या गटांतच कमी मुलांत आला: २७.८ च्या जागीं २२.९. फरक इतका स्पष्ट दिसला कीं प्रयोग ठरल्याआधींच थांबविण्यांत आला. २०२२ पासून या संघटनेची शिफारस अशी आहे कीं, जन्मल्याबरोबर आरंभ करावा व दिवसाचे आठ ते चोवीस तास मूल असें ठेवावें.

म्हणजे ‘आधीं वजन, मग ओळख’ हें सूत्र त्याच्या स्वतःच्या मैदानांतहि हरलें आहे. वजनाचीच गोष्ट काढावयाची, तर कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील २६ अतिदक्षता विभागांत आईबापांना मुलांच्या सेवेंत सामील करून घेतल्याचे निष्कर्ष २०१८ सालीं बाहेर आले. त्यांत तिसऱ्या आठवड्याअखेर सामील पालकांच्या मुलांचें वजन अधिक वाढलेलें होतें, आणि पालकांची चिंता कमी होती. ओळख झाली म्हणून वजन थांबलें नाहीं. खुद्द आपल्या केंद्र सरकारनें २०१७ सालीं नवजात मुलांच्या सेवेंत कुटुंबास सामील करून घेण्याविषयीं मार्गदर्शिका काढली आहे. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं आशियांतली पहिली मातृदुग्धपेढी निघाली, ती याच जाणिवेच्या जवळची गोष्ट. ज्ञान नाहीं असें नव्हे. तें सार्वजनिक रुग्णालयाच्या गर्दींत कोठें कोठें पोंचतें, आणि भरमसाट बिल देणाऱ्या गुळगुळीत फरशीच्या इमारतींत काचेबाहेर अडतें, ही लाजेची गोष्ट आहे. तेथें शिकलेलीं, पैसे भरणारीं माणसें आपण असतों. पण ‘मुलाला छातीशीं केव्हां देणार?’ हा प्रश्न विचारण्याचें धैर्य आपल्याला होत नाहीं. बिलाबद्दल मात्र आपण तासभर वाद घालतों.

दुसरा आक्षेप सांत्वनाच्या वेषांत येतो. ‘न्यूटनसुद्धां अपुऱ्या दिवसांचाच होता,’ असें सांगून आईची पाठ थोपटण्यांत येते. १६४२ सालीं नाताळाच्या दिवशीं जन्मलेला तो मुलगा एका लहानशा भांड्यांत मावेल इतका चिमुकला होता, अशी आख्यायिका आहे खरी. पण एका न्यूटनानें लक्षावधि मुलांचा प्रश्न सुटत नाहीं. आणि न्यूटनाचा एकलकोंडेपणा व भांडखोरपणा पाहतां, आईनें हें उदाहरण फारसें आनंदानें घ्यावें असेंहि नाहीं! थट्टा बाजूस ठेवूं. इंग्लंड-आयर्लंडमध्यें १९९५ सालीं सव्वीस आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या मुलांची दीर्घ पाहणी झाली आहे. अकराव्या वर्षीं त्यांतील शंभरांत सुमारें अकरा-बारा मुलांत लक्ष न टिकण्याचा दोष, आणि आठांच्या आसपास मुलांत स्वमग्नता आढळली. पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षां हें प्रमाण पुष्कळच अधिक आहे. या मुलांच्या वागणुकीचा जो सांचा अभ्यासकांना वारंवार दिसला, तो लक्ष उडणें, भिडस्तपणा, काळजी आणि सवंगड्यांत मिसळतां न येणें असा आहे. मारामारी, उद्धटपणा यांचा त्यांत फारसा भाग नाहीं.

आतां हा सांचा आपल्या घरांत व शाळांत कसा दिसतो तें पाहा. जें मूल मारीत नाहीं, ओरडत नाहीं, मागच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत बसतें, त्याला आपण ‘किती शहाणा, अगदीं त्रास नाहीं’ असें म्हणतों. प्रगतिपुस्तकावर ‘शांत’ हा शेरा येतो, व घरीं त्याचें कौतुक होतें. मुलाचें दुःख जोंवर मोठ्यांना त्रास देत नाहीं तोंवर तें दुःखच नव्हे, असा आपला न्याय आहे. मधल्या सुटींत त्याच्याशीं कोण खेळतें, हें कोणी विचारीत नाहीं. त्याचा जन्म कितव्या आठवड्यांत झाला, हें शाळेच्या प्रवेशपत्रावर नसतें, आणि आईनें आपण होऊन सांगितलें तर तिला वेडी काळजी करणारी ठरवितात.

मात्र हे आंकडे वाचून दुसऱ्या टोकास जाऊं नये. ते सव्वीस आठवड्यांच्या आंतल्या मुलांचे आहेत. चौतिसाव्या आठवड्यांत आलेल्या मुलास ते लावणें अन्याय होईल. आणि शंभरांत आठ म्हणजे शंभरांत ब्याण्णव नव्हेत, हेंहि गणितच आहे. शिवाय पुढचा मार्ग बंद झालेला नसतो. बव्हेरियांत १९८५-८६ सालीं फार लवकर जन्मलेल्या मुलांची पाहणी करतांना असें दिसलें कीं, सहाव्या वर्षीं ज्यांचे पालक मुलाच्या कलानें, न हिसडतां, न उतावीळ होतां, त्याला मदत करीत, तीं मुलें तेराव्या वर्षीं अभ्यासांत पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळ जाऊन पोंचलीं होतीं. सहावें वर्ष हें कांहीं पेटीच्या दिवसांतलें नव्हे.

हें सांगणें अगत्याचें आहे, कारण ओळखीचें महत्त्व सांगणाऱ्यांच्या हातून आयांवर एक नवा जुलूम होण्याचा संभव असतो. १९७० नंतरच्या दशकांत क्लाउस व केनेल या अमेरिकन डॉक्टरांनीं जन्मानंतरच्या पहिल्या घटकांवर फार मोठा भर दिला. रुग्णालयांचीं दारें उघडण्यास त्याचा उपयोग झाला, पण ज्या आईच्या त्या घटका हुकल्या तिला ‘आतां सगळें गेलें’ असें वाटूं लागलें. पुढें या मताचा अतिरेक दाखविण्यांत आला व तें सौम्य करावें लागलें. माझ्या भाचीचे सात आठवडे तिच्या दोषानें गेलेले नाहींत, आणि ते भरून न येण्यासारखेहि नाहींत. ‘तूं धांवपळ केलीस’, ‘तूं जिना चढलीस’, ‘नोकरीमुळें झालें’ असें म्हणणाऱ्या घराला माझें सांगणें एवढेंच, कीं पुष्कळ अपुऱ्या प्रसूतींचें नेमकें कारण वैद्यांनाहि सांपडत नाहीं. जें त्यांना सांपडत नाहीं तें तुम्हांला सुनेच्या पायांत कसें सांपडतें?

जुलमाचा दुसरा अड्डा कचेरी. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, हें स्तुत्य आहे. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळें आई आजारी पडली तर आणखी एक महिना देण्याची तरतूद कायद्यांत आहे. पण आई आजारी नसून मूल पेटींत असेल तर? त्या दिवसांचा हिशेब कोणी वेगळा धरीत नाहीं. दहा आठवडे रुग्णालयाच्या बाकावर काढलेली आई, मूल दुरुस्त वयानें जेमतेम चार महिन्यांचें होतें न होतें तोंच कामावर परत जाते. आणि शेतावर, बांधकामावर, परघरच्या धुण्याभांड्यांवर राबणाऱ्या बाईला तर या कायद्याची झुळूकहि लागत नाहीं. इंग्लंडांत २०२३ सालीं कायदा होऊन एप्रिल २०२५ पासून अशा मुलांच्या आईबापांस, दोघांसहि, बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळूं लागली आहे. इंग्लंडाच्या पुष्कळ निरुपयोगी गोष्टींचें आपण अनुकरण केलें. ही एक उपयोगी गोष्ट उचलली तर बिघडणार नाहीं.

काय करावयास हवें, तें फार अवघड नाहीं. अतिदक्षता विभागाच्या दारावरची ‘भेटण्याची वेळ’ ही पाटी आईबापांपुरती काढून टाकावी. आई ही भेटावयास आलेली पाहुणी नव्हे. पेटी जेथें लागते तेथें अवश्य असावी, पण शक्य तितक्या लवकर व शक्य तितका वेळ मूल आईच्या, आणि ती थकली असतां बापाच्या, आजीच्या छातीशीं असावें. घरीं सोडतांना औषधांच्या कागदाबरोबर मुलाचें बोलणें कसें ओळखावें हेंहि कोणी तरी अर्धा तास बसून सांगावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशा मुलांच्या तपासणीसाठीं जिल्ह्यांच्या ठिकाणीं केंद्रें आहेत. तीं गरिबांसाठीं म्हणून मध्यम वर्गानें नाक मुरडूं नये, आणि जेथें तीं नीट चालत नाहींत तेथें चालविण्याचा आग्रह धरावा. आणि आपण नातेवाइकांनीं? आपण खुळखुळा खालीं ठेवावा, आवाज उतरवावा, आणि मूल नजर वळवील तेव्हां तें पुन्हां पाहीपर्यंत थांबावें.

मी तसा थांबूं लागलों. त्या भेटीनंतर तीन आठवड्यांनीं पुन्हां गेलों, व कांहीं न बोलतां त्याच्याजवळ बसलों. त्यानें पाहिलें, दृष्टि काढली, पुन्हां पाहिलें, पुन्हां काढली. तिसऱ्यांदा पाहिलें तें बराच वेळ पाहिलें, आणि मग तोंडाचा एक कोपरा हालला. तें माझ्यासाठींच होतें असा दावा मी करीत नाहीं. वजन किती वाढलें, हें मात्र त्या दिवशीं मीं विचारलें नाहीं.